भोजनकाल आणि शरीराचे वजन

मनुष्याचे वजन तो काय खातो व किती खातो यांवर अवलंबून असते, हे विधान आहारशास्त्रात गृहीतकासारखे वावरत आले आहे. तो केव्हा खातो, हा प्रश्न मात्र बराच काळ गौण समजला गेला. रात्री उशिरा जेवणाऱ्याचे अंग वाढते असा समज सर्वत्र आढळतो; वैद्य तो सांगतात आणि घरातील वडीलधारी मंडळीही सांगतात. परंतु एखादा समज सर्वत्र आढळतो एवढ्यावरून तो खरा ठरत नाही. आणि खरा असला तरी कोणत्या कारणाने खरा आहे, हे त्यावरून कळत नाही. प्रस्तुत लेखात या कारणाचाच मुख्यत्वे विचार करावयाचा आहे. हा विचार केवळ कुतूहलापोटी करावयाचा नाही. सायंकाळी सातनंतर काही खाऊ नये, असा सल्ला आज स्थूल व्यक्तींना सर्रास दिला जातो. ज्या परिचारिकेची पाळी रात्री सुरू होते, किंवा जो कारकून लोकलचा प्रवास करून साडेनवाला घरी पोचतो, त्याला हा सल्ला पाळता येत नाही. वेळेचा परिणाम स्वतंत्र आहे, की खाल्लेल्या अन्नाच्या प्रमाणातून तो घडून येतो, याचा निर्णय झाल्याखेरीज अशा व्यक्तीला काय सांगावयाचे हे ठरविता येणार नाही.

शरीरातील ऊर्जेचा व्यवहार हा जमाखर्चाचा व्यवहार आहे. भोजनाची वेळ बदलल्याने वजनात फरक पडत असेल, तर तो दोनच वाटांनी पडू शकेल. एक, तेवढेच अन्न वेगळ्या वेळी खाल्ल्यास शरीराचा खर्च बदलत असेल. किंवा दुसरे, वेळ बदलल्यामुळे भूक बदलत असेल व त्यायोगे जमेची बाजूच कमीअधिक होत असेल. तिसरी एक वाट, म्हणजे आतड्यांत अन्नाचे शोषण कमीअधिक होणे, तर्कदृष्ट्या संभवते. पण निरोगी माणसात तिचा वाटा नगण्य असल्यामुळे ती येथे सोडून दिली आहे.

या विषयाकडे आधुनिक वैद्यकाचे लक्ष प्रथम वेधले ते एका विकृतीच्या निमित्ताने. १९५५ साली अमेरिकेतील ॲल्बर्ट स्टंकार्ड व त्यांचे सहकारी यांनी काही स्थूल रुग्णांमध्ये दिसणाऱ्या एका लक्षणसमूहाचे वर्णन केले. या रुग्णांना सकाळी अन्नाची वासना नसे, रात्री ते पुष्कळ खात आणि त्यांना झोप येत नसे. पुढे १९५९ मध्ये फ्रान्झ हालबर्ग यांनी सुमारे चोवीस तासांच्या जैविक आवर्तनासाठी ‘सर्केडियन’ ही संज्ञा योजिली. आपण तिला दैनिक लय म्हणू. पेशींमध्ये ही लय कोणत्या जनुकांमुळे निर्माण होते, याचा उलगडा फळमाशीवरील संशोधनातून झाला आणि त्याबद्दल हॉल, रॉसबाश व यंग या तिघांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

आपल्या विषयाच्या दृष्टीने याहूनही महत्त्वाची गोष्ट अशी की, शरीरात एकच घड्याळ नाही. मेंदूतील मुख्य घड्याळ डोळ्यांत शिरणाऱ्या प्रकाशावर लागते. यकृत, मेदपेशी, स्वादुपिंड इत्यादी अवयवांची स्वतःची घड्याळे आहेत आणि ती बव्हंशी अन्नावर लागतात. २००० साली जिनिव्हा येथील शिबलर यांच्या प्रयोगशाळेत असे दिसून आले की, निशाचर उंदरांना फक्त दिवसा अन्न दिले असता त्यांच्या यकृताचे घड्याळ उलटे फिरते, परंतु मेंदूतील घड्याळ जागचे हलत नाही. माणसाच्या बाबतीत असाच एक प्रयोग इंग्लंडमधील सरे विद्यापीठात झाला व तो २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सर्व जेवणे पाच तासांनी पुढे ढकलली असता रक्तशर्करेची लय सुमारे पावणेसहा तासांनी पुढे सरकली. मेंदूच्या घड्याळाचा निदर्शक मानला जाणारा मेलॅटोनिनचा क्रम मात्र बदलला नाही. एकाच घरातील दोन घड्याळे वेगवेगळी वेळ दाखवू लागावीत, तशी ही अवस्था होय.

यानंतर उंदरांवरील प्रयोगांनी मोठी खळबळ उडविली. २००९ साली नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातील संशोधकांनी उंदरांच्या दोन गटांना स्निग्धांशाने समृद्ध असा एकच आहार दिला; एका गटाला तो त्यांच्या जागेपणी, म्हणजे रात्री, आणि दुसऱ्या गटाला त्यांच्या झोपेच्या वेळी, म्हणजे दिवसा. सहा आठवड्यांत दुसऱ्या गटाचे वजन पहिल्या गटापेक्षा पुष्कळच अधिक वाढले, आणि खाल्लेल्या ऊर्जेत मात्र लक्षणीय फरक आढळला नाही. २०१२ मध्ये सॉल्क संस्थेतील सच्चिदानंद पांडा यांच्या गटाने दाखवून दिले की, तसाच मेदवर्धक आहार दिवसाच्या केवळ आठ तासांत खाऊ दिल्यास उंदीर स्थूल होत नाहीत. या प्रयोगांची कीर्ती वृत्तपत्रांतून पसरली आणि आज प्रचलित असलेल्या मर्यादित वेळेत खाण्याच्या पद्धतीचा उगम बऱ्याच अंशी येथेच आहे. परंतु उंदरावरून मनुष्याकडे येताना एक गोष्ट विसरता कामा नये. उंदराचा देह लहान, त्याचा चयापचय शीघ्र. एका दिवसाच्या उपवासाने त्याचे वजन लक्षणीय घटते. त्याचे सोळा तासांचे लंघन आणि आपले सोळा तासांचे लंघन ही एकाच मापाने मोजण्याजोगी नव्हेत.

आता मनुष्यावरील पुराव्याकडे वळू. स्पेनमधील मर्सिया येथे वजन घटविण्याच्या उपचारासाठी आलेल्या ४२० व्यक्तींचे वीस आठवडे निरीक्षण करण्यात आले. हा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. स्पेनमध्ये दुपारचे जेवण हेच दिवसातील मुख्य जेवण असते. ते तीन वाजण्यापूर्वी घेणाऱ्यांचे वजन तीननंतर जेवणाऱ्यांपेक्षा अधिक घटले, आणि दोन्ही गटांनी नोंदविलेला आहार सारखाच होता. येथे ‘नोंदविलेला’ या शब्दावर जोर द्यावयास हवा. शिवाय उशिरा जेवणाऱ्यांत रात्री जागण्याची प्रवृत्ती असलेले व सकाळची न्याहारी टाळणारे लोक अधिक होते. केवळ वेळेचा परिणाम यातून वेगळा काढता येत नाही.

त्याच वर्षी इस्राएलमधील याकुबोविच व सहकाऱ्यांनी केलेला प्रयोग अधिक बारकाईने पाहण्यासारखा आहे, कारण या विषयावरील लोकप्रिय लेखनात त्याचाच दाखला वारंवार दिला जातो. ९३ स्थूल स्त्रियांना दररोज १४०० उष्मांकांचा आहार नेमून देण्यात आला. एका गटाने त्यांपैकी ७०० सकाळी, ५०० दुपारी व २०० रात्री घ्यावयाचे होते. दुसऱ्या गटाने हाच क्रम उलटा, म्हणजे सकाळी २०० व रात्री ७००. बारा आठवड्यांनंतर पहिल्या गटाचे वजन सरासरीने ८.७ किलोग्रॅम घटले, दुसऱ्याचे ३.६ किलोग्रॅम. फरक ५.१ किलोग्रॅमचा. तेवढेच अन्न केवळ सकाळी खाल्ल्याने एवढा फरक पडत असेल, तर स्थूलतेचा प्रश्न सुटल्यातच जमा आहे.

परंतु हा हिशेब मांडून पाहावा. शरीरातील एक किलोग्रॅम मेदात सुमारे ७७०० उष्मांकांची ऊर्जा साठलेली असते. ५.१ किलोग्रॅम म्हणजे सुमारे ३९ हजार उष्मांक. ते ८४ दिवसांवर विभागले तर दिवसाला साडेचारशेहून अधिक येतात. घटलेल्या वजनात पाणी व मांसपेशीही असतात हे लक्षात घेऊन किलोग्रॅममागे ५००० उष्मांकच धरले, तरी दिवसाकाठी तीनशेचा फरक उरतो. हा फरक खर्चाच्या बाजूस कोठून येणार? अन्न पचविण्यात व साठविण्यात जी उष्णता खर्च होते, ती मिश्र आहारात घेतलेल्या ऊर्जेच्या साधारण दहा टक्के असते. म्हणजे १४०० उष्मांकांच्या आहारात अवघी १४०. रात्रीच्या गटात ही उष्णता समूळ नाहीशी झाली असे मानले, तरीही निम्म्या फरकाचा उलगडा होत नाही. तेव्हा सरळ अनुमान असे निघते की, दोन्ही गटांनी प्रत्यक्षात सारखे अन्न खाल्ले नसावे. या स्त्रिया आपापल्या घरी राहत होत्या व आपले अन्न आपण घेत होत्या. सकाळी भरपेट खाणाऱ्या स्त्रियांना दिवसभर भूक कमी लागली, असे त्याच प्रयोगात नोंदलेले आहे. नेमून दिलेला आहार पाळणे त्यांना सोपे गेले असावे, आणि सकाळी अर्धपोटी राहणाऱ्यांना ते अवघड गेले असावे. या प्रयोगाचे महत्त्व यामुळे कमी होत नाही; त्याचा अर्थ मात्र बदलतो.

असे अनुमान तपासून पाहण्याचा मार्ग एकच : सर्व अन्न संशोधकांनी स्वतः पुरवावयाचे आणि खर्चही मोजावयाचा. ॲबर्डीन येथे जॉनस्टन व सहकाऱ्यांनी हे केले व त्याचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात तीस व्यक्तींनी चार आठवडे सकाळी जड व रात्री हलका, आणि चार आठवडे सकाळी हलका व रात्री जड, असे दोन्ही आहार आलटून-पालटून घेतले. जड जेवणात दिवसाच्या ऊर्जेचा ४५ टक्के भाग होता व हलक्यात २० टक्के. दैनंदिन व्यवहार चालू असताना होणारा ऊर्जेचा एकूण खर्च हायड्रोजन व ऑक्सिजन यांच्या जड समस्थानिकांनी युक्त असे पाणी पाजून मोजण्यात आला. दोन्ही आहारांनी वजन सारखेच घटले, सुमारे ३.३ किलोग्रॅम, खर्चातही फरक आढळला नाही. फरक आढळला तो भुकेत. सकाळी जड आहार घेतला असता दिवसभराची भूक कमी होती. इस्राएलमधील प्रयोगाचे रहस्य येथे उघड होते असे मला वाटते. अन्नाचे प्रमाण बांधून टाकले की वेळेचा वजनावरील परिणाम मावळतो, आणि भूक मोकळी सोडली की तो पुन्हा डोके वर काढतो.

याला एक अपवाद नोंदविणे प्रामाणिकपणाचे होईल. त्याच वर्षी बोस्टन येथे शीर यांच्या प्रयोगशाळेत सोळा स्थूल व्यक्तींना तीच जेवणे सुमारे चार तास उशिरा देऊन पाहण्यात आली. भूक लागल्याचे सांगण्याचे प्रमाण सुमारे दुपटीने वाढले, तृप्तीची सूचना देणाऱ्या लेप्टिन या संप्रेरकाची पातळी खालावली आणि जागेपणातील ऊर्जाव्यय सुमारे पाच टक्क्यांनी कमी झाला. म्हणजे खर्चाची बाजू अगदीच निश्चल नाही. पण दिवसाच्या हिशेबात ही रक्कम शंभर उष्मांकांच्या आतच राहते. दुप्पट झालेल्या भुकेपुढे तिचे मोल किती, हे कोणाही गृहिणीला सांगता येईल.

सूर्यास्तानंतर जठराग्नी मंद होतो, अशी कल्पना आपल्याकडे रूढ आहे व अनेक आधुनिक लेखकही तिला निराळ्या शब्दांत उचलून धरतात. विश्रांतीतील ऊर्जाव्ययाची अंतर्गत लय मोजली असता २०१८ मध्ये असे आढळले की, तो उत्तररात्रीच्या सुमारास सर्वांत कमी असतो व त्यानंतर सुमारे बारा तासांनी, म्हणजे दिवस कलताना, सर्वांत अधिक. दोहोंतील अंतर सुमारे दहा टक्के. संध्याकाळी शरीराची भट्टी विझत नाही. भुकेची लयही याच जातीची आहे. मंद प्रकाशात, दिवसाचे कृत्रिम आवर्तन वीस तासांचे ठेवून, बारा व्यक्तींवर केलेल्या प्रयोगात असे दिसले की झोप, जेवण इत्यादींचा प्रभाव वगळला तरी भूक जैविक सकाळी आठच्या सुमारास सर्वांत कमी व रात्री आठच्या सुमारास सर्वांत अधिक असते. रात्रभर उपाशी राहूनही सकाळी अन्नावर वासना नसते, या नित्याच्या अनुभवाचे मूळ येथे आहे. रात्रीचे ताट मोठे होण्यामागे सवयीइतकाच या लयीचाही हात असावा.

न्याहारीविषयी थोडक्यात एवढेच सांगणे पुरे. न्याहारी टाळल्याने वजन वाढते हा समज निरीक्षणांवर आधारलेला आहे. प्रयोगांनी त्याला दुजोरा दिलेला नाही. २०१९ मध्ये तेरा प्रयोगांचे एकत्र परीक्षण झाले. त्यात न्याहारी करणाऱ्यांचा दिवसाचा आहार सुमारे २६० उष्मांकांनी अधिक भरला आणि न्याहारी न करणाऱ्यांचे वजन ०.४४ किलोग्रॅमने कमी आढळले. म्हणजे सकाळी खाणे आणि सकाळी जास्त खाऊन रात्री कमी खाणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिलीत दुसरी आपोआप येत नाही.

मर्यादित वेळेत खाण्याच्या प्रयोगांचे चित्रही फारसे वेगळे नाही. अमेरिकेत ११६ व्यक्तींवर झालेल्या व २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दुपारी बारा ते रात्री आठ या वेळातच खाणाऱ्यांचे वजन बारा आठवड्यांत ०.९४ किलोग्रॅम घटले, तर नित्याप्रमाणे तीन वेळा जेवणाऱ्यांचे ०.६८. या दोहोंतील फरक संख्याशास्त्रीय कसोटीस उतरला नाही. चीनमधील ग्वांगझौ येथे १३९ स्थूल व्यक्तींचा वर्षभर अभ्यास झाला (२०२२). दोन्ही गटांचा आहार सारखाच घटविला होता. एका गटाने तो सकाळी आठ ते दुपारी चार या वेळातच घ्यावयाचा होता. घट अनुक्रमे ८.० व ६.३ किलोग्रॅम झाली, आणि हाही फरक निर्णायक ठरला नाही. याउलट अलाबामा विद्यापीठाच्या बर्मिंगहॅम येथील ९० व्यक्तींवरील प्रयोगात (२०२२) सकाळी सात ते दुपारी तीन या वेळात खाणाऱ्यांचे वजन २.३ किलोग्रॅमने अधिक घटले. तेथे आहाराचा सल्ला दिला होता, अन्न पुरविले नव्हते. वाचकाने हा भेद ध्यानात ठेवावा.

आतापर्यंतच्या विवेचनावरून भोजनकालाचा प्रश्नच निकालात निघाला असे कोणी मानील, तर ती घाई होईल. वजनाचा काटा ज्या गोष्टी दाखवीत नाही, त्या रक्तात दिसतात. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या आठ पुरुषांनी पाच आठवडे दिवसाचे सर्व अन्न सहा तासांच्या आत, दुपारी तीनपूर्वी, घेतले. वजन घटू नये इतके अन्न त्यांना मुद्दाम देण्यात आले. तरीही इन्शुलीनचा प्रभाव वाढला व रक्तदाब उतरला. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात वीस निरोगी व्यक्तींना तेच जेवण एकदा सायंकाळी सहाला व एकदा रात्री दहाला देऊन अकराला झोपविण्यात आले. उशिराच्या जेवणानंतर रक्तशर्करेचा उच्चांक सुमारे अठरा टक्क्यांनी अधिक होता आणि रात्रीतील मेदाचे ज्वलन मंदावले. दहाचे जेवण आणि अकराची झोप हा क्रम मुंबईतील असंख्य घरांत रोजचा आहे.

हा मुद्दा आपल्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा ठरतो. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील चित्तरंजन याज्ञिक यांनी भारतीयांच्या ‘कृश तरीही मेदयुक्त’ देहरचनेकडे जगाचे लक्ष वेधले. २००४ साली त्यांनी आपले ब्रिटिश सहकारी यडकिन यांच्यासमवेत एक छोटे टिपण प्रसिद्ध केले. उंचीच्या मानाने वजन दोघांचे अगदी सारखे, निर्देशांक २२.३; परंतु यडकिन यांच्या शरीरात मेद ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. ज्या समाजात सामान्य वजनाच्या माणसालाही मधुमेह होतो, तेथे भोजनकालाचे फळ किलोग्रॅममध्ये मोजणे म्हणजे चुकीची फूटपट्टी हाती घेणे होय. प्रस्तुत विषयावरील आपल्याकडील प्रबंधांत अजूनही वजन व निर्देशांक यांवरच समाधान मानले जाते, हे खेदाने नमूद करावे लागते.

प्रारंभी उल्लेखिलेल्या रात्रपाळीच्या परिचारिकेला काय सांगावे, याचे उत्तरही याच दिशेने मिळते. २०२१ मध्ये बोस्टन येथे एकोणीस तरुणांकडून कृत्रिम रात्रपाळी करविण्यात आली. ज्यांनी रात्रीही जेवण घेतले त्यांची सरासरी रक्तशर्करा ६.४ टक्क्यांनी वाढली. रात्री काम करूनही जे फक्त दिवसा जेवले, त्यांची वाढली नाही. तेव्हा पाळीवर जाण्यापूर्वी मुख्य जेवण उरकणे व मध्यरात्रीनंतरचे खाणे शक्य तितके टाळणे, एवढे तिला सांगता येईल. त्यामुळे तिचे वजन घटेल असे आश्वासन मात्र देता येणार नाही.

हे बहुतेक प्रयोग पाश्चात्त्य आहारावर झालेले आहेत. आपल्याकडे वेळेचा विचार नवा नाही. चरकसंहितेत अवेळी अथवा कमीअधिक खाण्यास विषमाशन व आधीचे अन्न पचण्यापूर्वी पुन्हा खाण्यास अध्यशन म्हटले आहे. व्रतांच्या परिभाषेत दुपारी एकदाच जेवणे ते एकभुक्त आणि रात्री एकदाच जेवणे ते नक्त. म्हणजे आजच्या प्रयोगशाळांत जो भेद मुद्दाम निर्माण करावा लागतो, त्याला आपल्या भाषेत फार पूर्वीपासून वेगवेगळी नावे आहेत. या व्रतांचा संशोधनासाठी उपयोग करावा असे सहज सुचते. परंतु येथे एक अडचण आहे. व्रताच्या दिवशी वेळेबरोबर अन्नही बदलते. भाकरीच्या जागी साबुदाण्याची खिचडी आली की तुलना बिघडते.

त्या दृष्टीने महाराष्ट्रातील जैन कुटुंबांतील चौविहाराची प्रथा अधिक उपयुक्त आहे. सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपावयाचे व नंतर पाणीही घ्यावयाचे नाही, हा तिचा नियम. चौविहार पाळणाऱ्यांची इतरांशी तुलना केल्यास मर्सियाचाच दोष पुन्हा पदरी येईल, कारण ही मंडळी इतर अनेक बाबतींतही वेगळी असतात. पण कित्येक लोक केवळ चातुर्मासात तो पाळतात. अशा व्यक्तीची तिच्याशीच, म्हणजे आषाढापूर्वी, मध्यंतरी व कार्तिकानंतर, तुलना करणे शक्य आहे. त्यात रक्तशर्करा, कमरेचा घेर आणि रोजची भूक यांची नोंद व्हावी. या काळात आहारातील पदार्थांवरही काही निर्बंध येतात, त्यामुळे प्रत्येक टप्प्यावर अन्नाची तपशीलवार मोजणी करावी लागेल. शिवाय मुंबईचा सूर्यास्त जुलैच्या आरंभी सुमारे सातवाजून वीस मिनिटांनी होतो व नोव्हेंबरच्या मध्यास सुमारे सहाला. म्हणजे चार महिन्यांत शेवटचे जेवण आपोआप तासाहून अधिक अलीकडे सरकत जाते, आणि प्रत्येक नोंदीसोबत तिथीच नव्हे तर त्या दिवसाची सूर्यास्ताची वेळही टिपून ठेवावी लागेल.